रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी मुली कुठे असतात?

डिसेंबरात भाचीला घेऊन गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये बुद्धिबळाच्या स्पर्धेला गेले होते. ताईला रजा मिळाली नव्हती, म्हणून मावशीची नेमणूक. प्रत्येक फेरीआधी दाराशेजारी यादी लागते: कोण कुणाशी, कितव्या पटावर, पांढरे कुणाकडे. ती लागली की पोरं आणि पालक फलाटावर एसटी लागल्यासारखे धावतात. नऊ वर्षांखालच्या यादीत मुलींची नावं शोधावी लागत नव्हती. पंधरा वर्षांखालच्या यादीवर मात्र मी बोट फिरवत गेले. चार निघाली, त्यातलं एक आमचं.

“मावशी, मोजू नको ना,” ती म्हणाली. “मला माहितीये.”

फेरी सुरू झाली की पालकांना बाहेर काढतात. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, थर्मास, मोबाइल. शेजारचे एक काका चहा ओतता ओतता म्हणाले, “मुलींचं डोकं भाषेला चांगलं असतं हो. हे हल्ला-बचाव, पुढच्या दहा चाली बघणं, हे त्यांना नाही जमत.” त्यांचा मुलगा आत खेळत होता. मुलीनेही क्लास लावला होता, चौथीत सोडला. माणूस वाईट नव्हता, मला अर्धा कप चहा दिला त्यांनी.

मी स्वतः कॉम्प्युटरवाली. तेरा वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत काढली, आता नाशकातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि पोरांना कोडिंगच्या स्पर्धांना बसवते. तिथल्या यादीवरही बोट असंच फिरवावं लागतं. काकांना तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आता सुचतंय ते लिहिते.

सुरुवात कांद्यापासून करू, नाहीतरी आपण नाशिककर. एकाच शेतातला, एकाच बियाण्याचा कांदा घ्या. एका ढिगात हजार कांदे, बाजूच्या पिशवीत साठ. दोन्हीकडे सरासरी वजन ८० ग्रॅम, आणि लहान-मोठेपणाचा पसाराही सारखाच. (हा पसारा मोजायला सांख्यिकीत प्रमाण विचलन म्हणून एक माप असतं. आपण ते २० ग्रॅम धरू.) आता दोन्हीकडचा सगळ्यात मोठा कांदा काट्यावर ठेवा. हिशेब असा येतो, की ढिगातला साधारण १४५ ग्रॅमचा निघेल आणि पिशवीतला १२५च्या आसपास. बियाणं तेच, माती तीच, सरासरीही तीच. तरी सगळ्यात मोठ्या दोन कांद्यांत वीस ग्रॅमचा फरक पडला, कारण एकीकडे निवडायला हजार होते आणि दुसरीकडे साठ. लासलगावच्या बाजारात नुसते दोन कांदे दाखवून कुणी म्हणालं, “पिशवीतलं बियाणंच हलकं,” तर व्यापारी हसेल.

बुद्धिबळात आपण कायम सगळ्यात मोठाच कांदा बघत असतो. जगात पहिला कोण, पहिल्या दहात कोण, ग्रँडमास्टर (खेळातला सगळ्यात वरचा किताब) किती. आजवर जगात दोन हजारांहून जास्त ग्रँडमास्टर झाले, त्यात स्त्रिया चाळीसच्या थोड्या वर. २०२५च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर आणि भारतीय महिलांत फक्त चौथी. कोनेरू हंपी, हरिका, वैशाली आणि ही. हा आकडा ऐकला की काकांचं म्हणणं खरं वाटायला लागतं. पण मुळात खेळणाऱ्याच किती? जगभरच्या रेटिंग (खेळाची ताकद सांगणारा आकडा) असलेल्या खेळाडूंत स्त्रिया दहाएक टक्के.

हा कांद्याचा हिशेब २००९ साली काही संशोधकांनी जर्मनीच्या बुद्धिबळ महासंघाच्या नोंदींवर लावून पाहिला. १ लाख २० हजारांहून जास्त खेळाडू, सोळा पुरुषांमागे एक स्त्री. दोन्हीकडच्या पहिल्या शंभरांच्या रेटिंगमध्ये जो फरक दिसत होता, त्यातला ९६ टक्के नुसत्या संख्येने समजावता येतो, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे काहींनी त्या रीतीवर आक्षेप घेतले आणि आकडा बराच खाली आणला, तेही सांगायला हवं. संख्येने सगळंच सुटत नसेल. पण पुष्कळ सुटतं, आणि चहाच्या खुर्चीवर बसून डोक्याचा निकाल लावण्याआधी एवढं वजा करायला हरकत नाही.

मग खरा प्रश्न उरतो तो असा, की पिशवीत साठच का?

अमेरिकेतल्या नोंदींवरचा एक अभ्यास २००६ साली आला, अडीच लाखांवर खेळाडूंचा. त्यात दोन गोष्टी सापडल्या. ताकद सारखी असेल तर मुली आणि मुलं साधारण सारख्याच वेगाने सुधारतात आणि सारख्याच प्रमाणात खेळ सोडतात. फरक होता तो आत शिरतानाच: कमी मुली यायच्या, आणि आल्या तरी रेटिंग कमी. पण ज्या वस्त्यांत नव्याने येणाऱ्यांत निम्म्या किंवा जास्त मुली होत्या, तिथे सुरुवातीच्या रेटिंगमधला हा फरकच दिसेना. दारात सोबत कोण आहे यावर पोरगी किती दमदार पाऊल टाकते हे ठरत असावं.

आमच्या यादीत तर मधेच गळती दिसते, मग हे जुळतं कसं? मी असं समजते, की आपल्याकडे सातव्या-आठव्या वर्षी जो क्लास लागतो तो दार नव्हेच. तो उन्हाळ्याच्या सुट्टीतला छंद, पोहणं आणि हार्मोनियमच्या मधला. दार येतं बाराव्या-तेराव्या वर्षी, जेव्हा रेटिंगच्या स्पर्धांसाठी गाव सोडावं लागतं, पैसे मोजावे लागतात, आणि घरात कुणीतरी विचारतं, “याचं पुढे काय?”

मेंदूचा विषय मात्र अर्धवट सोडत नाही. २००८ साली एका प्रयोगात बायकांना ऑनलाइन डाव खेळायला लावले. समोर पुरुष आहे असं सांगितलं की त्यांचा खेळ घसरायचा. त्याच पुरुषाशी खेळताना समोर बाई आहे असं खोटं सांगितलं की खेळ सुधारायचा. हा प्रयोग फार गाजला, पण त्यात जोड्या होत्या जेमतेम चाळीसएक. दहा वर्षांनी कुणीतरी पन्नास लाखांहून जास्त स्पर्धात्मक डाव चाळले, तर पुरुषांविरुद्ध बायका रेटिंगवरून अपेक्षित होतं त्याहून किंचित बऱ्याच खेळलेल्या निघाल्या. आणखी एका अभ्यासात पुन्हा उलटं. तेव्हा “समोर पुरुष दिसला की बायका गडबडतात” हे वाक्य कुणी ठामपणे फेकलं तर मी तरी मान हलवत नाही.

थोडी पक्की वाटते ती वेगळी गोष्ट. अमेरिकेत पाच ते सात वर्षांच्या मुलांना “खूप खूप हुशार” माणसाची गोष्ट सांगून विचारलं, ही कुणाची असेल? पाचव्या वर्षी मुली मुलींकडे बोट दाखवत होत्या, मुलं मुलांकडे. सहा-सात वर्षांच्या मुलींचं ते बोट डगमगायला लागलं होतं. २०२३ मध्ये बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांचे पालक आणि प्रशिक्षक यांनाच विचारलं, पोरगं जास्तीत जास्त कुठवर जाईल? मुलींबद्दलचा अंदाज कमी आला. आणि बुद्धिबळ हा खेळच असा आहे, की तिथे “उपजत डोकं लागतं” असं सगळे म्हणतात. मेहनत लागते म्हणाले असते, तर मुलींना कुणी मागे सारलं नसतं. मेहनतीबद्दल मुलींवर कुणाचाच अविश्वास नाही, उलट हा विश्वासच आमच्या गळ्यातला धोंडा.

आता दोन घरं बघा. बुडापेस्टचं पोल्गार कुटुंब: तीन मुली, शाळेऐवजी घरीच शिक्षण, दिवसाचे तासन्‌तास पटावर. धाकटी युदित १९९१ साली पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, अमेरिकेच्या बॉबी फिशरचा विक्रम मोडून. २००५ मध्ये तिचं रेटिंग २७३५ होतं. जगातल्या पहिल्या दहांत पोचली, कास्पारोव्हला २००२ साली हरवलं, आणि महिलांच्या जागतिक अजिंक्यपदासाठी कधी खेळलीच नाही. दुसरं घर मुंबईचं, ‘नवाकाळ’च्या खाडिलकरांचं. वासंती, जयश्री, रोहिणी. १९७४ साली देशात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंतीने जिंकली. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा ती शाळकरी पोर होती. एवढा गदारोळ झाला, की प्रकरण जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांच्यापर्यंत गेलं. बायकांना मज्जाव करता येणार नाही, असं त्यांनी ठरवून दिलं. (आता तर जागतिक पातळीवर ‘पुरुष गट’ नावाचा प्रकार नसतो. एक खुला गट असतो आणि एक महिलांचा. आपले पेपर अजून ‘पुरुष गटात सुवर्ण’ छापतात.)

दोन्ही घरांत तीन-तीन मुली, आणि दोन्हीकडे खेळणं हे घराचंच काम. पोरगी पटावर बसलीय म्हणून कुणी तिला दूध आणायला पाठवत नसावं.

माझ्या क्षेत्राकडे येते, कारण तिथे ही गाठ जास्त स्पष्ट दिसते. १९४६ सालचा एनिॲक हा पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी एक, त्याचे पहिले प्रोग्रॅम सहा बायकांनी बसवले. तेव्हा यंत्र बनवणं हे पुरुषांचं काम होतं आणि त्याच्याकडून काम करवून घेणं हे कारकुनी, म्हणून बायकांचं. अमेरिकेत १९८४च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत मुली ३७ टक्के होत्या. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, जाहिरातींत ते मुलांचं खेळणं म्हणून आले, मुलाच्या खोलीत ठेवले गेले. हळूहळू मुलींचा हिस्सा १८ टक्क्यांवर घसरला. या घसरणीच्या काळातच तिथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने दोन-चार साध्या गोष्टी बदलल्या. प्रवेशासाठी आधीच कोडिंग येण्याला फार भाव देणं बंद केलं, आणि ज्यांना अजिबात येत नाही त्यांच्यासाठी वेगळा प्रवेशवर्ग सुरू केला. १९९५ मध्ये ७ टक्के असलेल्या मुली २००० मध्ये ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत मेंदू बदलत नाही.

आपल्याकडे ही भानगड झालीच नाही. कॉम्प्युटर आला तो “बसून करायचं, सावलीतलं, सुरक्षित काम” म्हणून, आणि आईबापांनी मुलींना मेकॅनिकलऐवजी तिकडे वळवलं. माझ्या वर्गात मुली निम्म्याच्या जवळपास असतात. पहिल्या पाचांत बहुतेक वर्षी तीन. पण त्याच वर्गातून स्पर्धात्मक कोडिंगला, पोरं ज्याला नुसतं ‘सीपी’ म्हणतात, नियमित बसणाऱ्या मुली बोटावर मोजाव्या. डोकं तेच, भाषा तीच, शिकवणारी तीच. तेव्हा गणित जमत नाही, आवड नाही, ही कारणं इथे चालत नाहीत. वर्ग आणि स्पर्धा यांच्यात काय फरक आहे, तेवढंच शोधायचं.

फरक वेळेचा आहे. म्हणजे कुठल्या प्रकारच्या वेळेचा, ते महत्त्वाचं.

कोडफोर्सेस ही या खेळाची मोठी आंतरराष्ट्रीय साइट, मूळ रशियातली. तिच्या स्पर्धा बहुधा मॉस्कोच्या संध्याकाळी ५ वाजून ३५ मिनिटांनी सुरू होतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे ८ वाजून ५ मिनिटं. कोडशेफ आपली भारतीय, तिची साप्ताहिक स्पर्धा बुधवारी रात्री आठला. दोन तास, पाच-सहा प्रश्न. कोडफोर्सेसवर तर प्रत्येक प्रश्नाचे गुण दर मिनिटाला थोडे थोडे झिजत जातात, प्रत्येक मिनिटाला मूळ गुणांचा अडीचशेवा भाग. उत्तर तेच असलं तरी उशिरा दिलेलं स्वस्त. मॉस्कोत कुणी आपल्या स्वयंपाकघराकडे बघून ही वेळ ठरवलेली नाही. पण नाशकात रात्री आठ ते दहा या वेळात कुठल्या घरात कोण काय करतं, ते तुम्हाला माहीत आहे. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषाचा ८८. आणि हा आकडा घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा आहे, न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत.

बरं, कॉलेजच्या मुलींना आया फार कामाला लावत नाहीत. “तू अभ्यास कर” म्हणतात. पण अभ्यास म्हणजे ज्याची मार्कशीट येते तो. सीपी किंवा बुद्धिबळ यात शेकडो तास असे जातात ज्यातून दाखवण्यासारखं काही निघत नाही. हरलेला डाव पुन्हा लावून बघायचा, न सुटलेला प्रश्न रात्रभर चघळायचा. मुलगा असा बसला तर “त्याचं काहीतरी चालू असतं कॉम्प्युटरवर.” मुलगी बसली तर तासाभरात विचारणा होते, परीक्षा आहे का? नसेल तर जरा इकडे ये. मुलाचा वेळ हा आधीच त्याचा असतो, मुलीला तो कारण सांगून मागून घ्यावा लागतो. माझ्या मते सगळ्यात जाड कारण हे, बाकीची याच्याभोवती.

हॉस्टेलच्या मुलींचं वेगळं. मुलांच्या हॉस्टेलात रात्री एक वाजता तिघं एका लॅपटॉपवर डोकी खुपसून बसतात. मुलींचं गेट लवकर बंद, लॅब उघडी असली तरी जाता येत नाही. त्यामुळे संघ बनतात ते मुलांच्या खोल्यांमध्ये. आयसीपीसी या विद्यापीठांच्या स्पर्धेत तिघांचा संघ, पाच तास आणि कॉम्प्युटर एकच. एकदा आमच्या एका संघाचा सराव मी मागे उभी राहून बघत होते. दोन मुलं, एक मुलगी. पाचातले तीन प्रश्न कसे सोडवायचे ते तिने कागदावर मांडलं. पाच तासांत कीबोर्ड तिच्या हातात आला तो फक्त पाणी प्यायला एक जण उठला तेव्हा. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. मी सांगितल्यावर दोघं मनापासून ओशाळले. आता आमच्याकडे नियम आहे, कल्पना ज्याची त्यानेच टाइप करायचं.

बुद्धिबळात वेळेच्या जोडीला प्रवास येतो. रेटिंगची मोठी स्पर्धा म्हणजे चार-पाच दिवस, नऊएक फेऱ्या, पुणे नाहीतर मुंबई. चौदा वर्षांचा मुलगा सरांबरोबर आणि चार मित्रांबरोबर जातो. मुलीसोबत आई किंवा बाबा लागतातच, म्हणजे सिन्नर-संगमनेर-नारायणगाव करत एसटीची दोन तिकिटं, स्वतंत्र खोली आणि घरातल्या एकाची पाच दिवसांची रजा. मुलाच्या दुप्पट खर्च, तोही डाव सुरू व्हायच्या आधी. एका डावाला प्रत्येकी दीड तास आणि प्रत्येक चालीमागे तीस सेकंद मिळतात. लांबला तर साडेतीन-चार तास. पाळीच्या दिवसांत हे बसणं काय असतं ते पंचांना सांगायची सोय नाही. एका स्पर्धेत बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि किल्ली वॉचमनकडे. वॉचमन चहाला गेलेला. भाची परत आली तेव्हा घड्याळातली तिची अकरा मिनिटं गेली होती.

दहावीचं वर्ष तर ठरलेलंच. “एक वर्ष थांब, मग खेळ.” रेटिंग म्हणजे शेवटी एक अंदाज असतो: समोरच्यापेक्षा दोनशेने जास्त असाल तर शंभर डावांत साधारण ७६ गुण तुमचे. खेळलं नाही तर आकडा जागेवर राहतो, पण बरोबरीचे पुढे सरकतात, आणि परत आल्यावर पहिल्या तीन स्पर्धांत तो आकडा गळतो. बारावीला पुन्हा तेच. मुलांनाही थांबवतात, नाही असं नाही. फक्त मुलांच्या बाबतीत थांबायचं की नाही यावर घरात निदान भांडण होतं.

महिलांच्या वेगळ्या किताबांबद्दल मला विचाराल तर माझं मत दुभंगलेलं आहे. ग्रँडमास्टरला २५०० रेटिंग लागतं, महिला ग्रँडमास्टरला २३००. हे ‘कमी चालेल’ सांगणं झालं, हे खरं. पण महिलांच्या गटाच्या बक्षिसांवरच कितीतरी जणींचा पुढचा प्रवासखर्च निघतो, हेही खरं. हंपी २००२ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, मुलीच्या जन्मानंतर थांबली, परत आली आणि २०१९ आणि २०२४ मध्ये महिलांचं जागतिक रॅपिड (म्हणजे कमी वेळाच्या डावांचं) विजेतेपद घेऊन गेली. तो गट नसता तर परत यायला निमित्त काय होतं? आपल्या नाशकाच्या विदित गुजराथीने २०२३ची ग्रँड स्विस ही मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याच स्पर्धेचा महिला गट वैशालीने जिंकला होता. शहरभर फलक लागले ते अर्थातच विदितचे, घरचा मुलगा. भाचीच्या क्लासच्या भिंतीवरही तोच. तिने स्वतः शेजारी दिव्याचा फोटो प्रिंट काढून चिकटवला, थोडा तिरका.

गेल्या बुधवारी कोडफोर्सेसची स्पर्धा होती. माझी तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी सिडकोत राहते, आई दुकानात असते, घरी आजी आणि दोन भाऊ. आठ पाचला ती लॉग इन झालेली मला दिसली. आठ एकोणतीसला मेसेज आला: “मॅम, पहिले दोन सुटले. तिसरा कळलाय, पण आता पोळ्या. येते.”

नऊ वाजून चार मिनिटांनी तिसऱ्याचं उत्तर पडलं, पहिल्याच प्रयत्नात बरोबर. तोवर त्याच्या गुणांचा जवळजवळ पाव हिस्सा गेला होता.